धाकटीच्या वाट्याचं पीठ

२ मार्च

सेवास्ती,

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन ते हातात उंच धरून "बाल्टिमोर! बाल्टिमोर!" ओरडत चौकातून आला, त्यामुळे मी फोडायच्या आधीच अर्ध्या गावाने ते वाचलं असं समज. इतक्या वर्षांनी बहिणीला पत्र, आणि त्यात 'कशी आहेस' एवढंही नाही. पहिलीच ओळ: "थोरले, मला आता फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहिते." 'थोरले' वाचलं आणि म्हटलं, आली बया भांडायला. पदर खोचून पुढे वाचायला लागले, आणि खाली बसले.

तुझ्या लेकाबद्दल, मीनासबद्दल काय लिहू? मी त्याला फक्त फोटोत पाहिलाय, शाळेच्या डगल्यात, आपल्या बाबांच्या नाकासकट. एवढा तरणा मुलगा कॉलेजच्या पायऱ्यांवर झटके येऊन पडतो, शुद्धीवर येतो तर अर्धं जग दिसेनासं झालेलं. आता चमचा धरतो, चार शब्द बोलतो असं लिहिलंयस. मारियामातेपुढे रोज मेणबत्ती लावते आहे. तू म्हणशील मेणबत्तीला काय कळतंय. मलाही तसंच वाटतं, पण लावते.

तुझे डॉक्टर म्हणतात की दोष आईकडून आला. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून, बापाचा काही संबंध नाही. हे डॉक्टर पुरुष असणार.

आईला काय होतं विचारतेस. साखर होती, आणि शेवटी ऐकू येत नव्हतं. या गावात साठीनंतर कुणाला ऐकू येतं? आणि ऐकण्यासारखं असतं तरी काय? थकायची म्हणशील, तर डोंगरउतारावरच्या गावात थकायचं नाही तर काय करायचं. मला स्वतःला काहीही होत नाही. पहाटे भट्टी पेटवते, दिवसभर खानावळीत पर्यटकांना वाढते आणि वर भांडायलाही शक्ती उरते.

"मुलींना घेऊन अथेन्सला जा, तपासून घ्या," असं लिहिलंयस. अगं, कॅलिओपीचं लग्न आहे सप्टेंबरात. "त्या घरात बायकांकडून काहीतरी येतं" असं एकदा गावात झालं, की घर, वाफे, सोन्याची माळ सगळं जवळ असून पोर बिनलग्नाची राहील. लग्न पार पडू दे, मग बघू.

तू रागावशील. पण रिवाज काही मी केला नाही. आईचं घर थोरलीला, आईचं नाव थोरलीच्या थोरलीला, आणि धाकटीनं थोरलीकडे राबायचं. आजीपासून असंच आहे. मी फक्त तुझ्याआधी जन्मले, एवढाच माझा पराक्रम.

आईचा पावाच्या आंबवणाचा गोळा अजून जिवंत आहे का, हेही जाता जाता विचारलंयस. आहे की. का नसेल? तू जाताना त्यातलं चिमूटभर रुमालात वाळवून नेलंस हे मला ठाऊक होतं. बोलले नाही कधी.

आणि कापणीत तुझ्यावर रचलेल्या त्या दोन ओळींचा विषय तू काढला नाहीस, म्हणून मीही काढत नाही.

रिगोपूला


ईस्टरनंतरचा गुरुवार

सेवास्ती,

गेले बाई अथेन्सला. तुझं दुसरं पत्र आलं नसतं तर गेले नसते. मीनासला पुन्हा झटका आला हे त्यात वाचलं. मग कॅलिओपीला म्हटलं, चल, लग्नाचं कापड घेऊ. दवाखान्याच्या दारात म्हटलं, लग्नाआधी तपासणी लागते, नवा कायदा आहे.

"आई," ती म्हणाली, "तू कायदा कधीपासून पाळायला लागलीस?"

लेक माझीच.

तू सांगितलेल्या त्या थेओफानू डॉक्टर म्हणजे नखं खाल्लेली एक चटपटीत पोरगी आहे. मी बाही वर करून बसले, तर म्हणे रक्त नको, लघवी द्या. "वय वाढतं तसा बिघडलेला माल रक्तातून हळूहळू निघून जातो, बाई. रक्तावर भरवसा नाही. लघवी खरं सांगते."

"मग आमच्या गावच्या निवडणुकीला हीच तपासणी लावा," मी म्हटलं. हसली नाही.

पण तिने समजावून मात्र छान सांगितलं. कॅलिओपी बाहेर फोनवर होती तेवढ्यात मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, आता सांगा, हे आहे तरी काय. तर आपल्या प्रत्येक पेशीत म्हणे शेकडो चुली असतात. मायटोकॉन्ड्रिया. अन्न जाळून ताकद तिथेच तयार होते. आणि प्रत्येक चुलीपाशी तिची स्वतःची एक इवलीशी पोथी असते, डीएनएची. चूल कशी पेटती ठेवायची ते त्यात लिहिलेलं. पेशीची मोठी पोथी वेगळी, ती आईबापांची मिळून. ही छोटी मात्र नुसती आईची.

"आणि बापाच्या चुली?"

"थोड्या येतात आत. पण बीजांड त्यांना शिरल्या शिरल्या मोडून टाकतं."

हे मी घरी येऊन फिलिप्पासला सांगितलं. तो लायरीच्या तारा लावत होता. म्हणाला, "आपल्या घरी काय वेगळं आहे?" वर्षातून एखादंच वाक्य बोलतो माझा नवरा, पण नेमकं बोलतो.

तर या पोथ्यांच्या नकला सतत काढल्या जातात. पेशी नुसती बसून असली तरी आत जुनी चूल मोडणं, नवी घालणं चालूच. आणि एखाद्या पोथीत एक अक्षर चुकलं तर ती चूकही तितक्याच निष्ठेनं उतरवली जाते. मग पेशीत चांगल्या पोथ्या आणि बिघडलेल्या पोथ्या शेजारी शेजारी नांदतात. बिघडलेल्या थोड्या असल्या तर कळतही नाही. वाढल्या की चुली विझायला लागतात. आणि जिथे ताकद जास्त लागते तिथे आधी अंधार पडतो: मेंदूत, कानात, स्नायूंत, साखर सांभाळणाऱ्या त्या पिंडात.

"मग एकाच आईच्या दोन मुली," मी विचारलं, "एक ठणठणीत आणि एक... कशी?"

"तुम्ही पाव करता ना, बाई? आंबवणाचा गोळा राखता?"

"राखते."

"समजा त्या गोळ्यात थोडं पीठ चांगलं आणि थोडं बिघडलेलं आहे. मुलीला देताना तुम्ही अख्खी परात देत नाही. चिमूटभर काढता आणि त्या चिमटीतून तिची परात भरते. बीजांड तयार होतं तेव्हा असंच होतं. थोड्याशाच पोथ्या पुढे जातात. एका चिमटीत जवळजवळ सगळं चांगलं येतं, दुसरीत नेमकं बिघडलेलं. कुणाच्या हातात नसतं ते."

मी म्हटलं, "आमच्या गावात सगळं थोरलीला जातं."

"पेशींना तुमच्या गावचा रिवाज ठाऊक नाही," ती म्हणाली.

निघताना ती आणखी काहीतरी सांगत होती, पण आमची बोटीची वेळ झाली होती.

घरी आले तर स्वयंपाकघराचा उकिरडा. धाकट्या मारूक्लाला एवढं सोपवून गेले होते, तर बाईसाहेब भर दुपारी पिठाच्या पोत्यावर डोकं टेकून झोपलेल्या. सासूचं नाव ठेवलं आणि सासूच घरात आली बघ. तशीच बुटकी, तशीच दिसेल त्या दगडावर बसणारी. सोयीचं तेवढं ऐकणारी. आपल्या घराण्याचं तिच्यात काही म्हणून नाही.

मीनासचं लगेच कळव.

रिगोपूला


१८ मे

सेवास्ती,

निकाल आला.

माझ्यात बिघडलेल्या पोथ्या आहेत, पण अगदी कमी, पावात चुकून पडलेल्या खड्याएवढ्या. कॅलिओपीत तर जवळजवळ नाहीतच.

फोन ठेवला आणि मी अंगणात येऊन नाचले. खरंच नाचले, एप्रन लावून. चार फ्रेंच लोक बसले होते, त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचा भाग आहे, टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मला तू आठवलीस. तुझे कान. तुला लागलेली साखर. मीनासचा हातातून सुटणारा चमचा. आणि माझे पाय जागच्या जागी थांबले.

कसं लिहू तुला? आईने दोन चिमट्या काढल्या. पहिल्या चिमटीतून मी झाले आणि दुसऱ्या चिमटीतून तू. घर मला मिळालं, सोन्याची माळ मला, आईचा उंच निजायचा ओटा मला. तू खाली भट्टीपाशी घोंगडीवर. निदान हे तरी आईने तुला द्यायला नको होतं. नेहमी सगळं थोरलीला देणाऱ्या बाईनं नेमकं हेच धाकटीला द्यावं. मला ठाऊक आहे, आईच्या हातात नव्हतं. पण एखादी गोष्ट कुणाच्याच हातात नव्हती असं कळलं की अपराध नाहीसा होतो असं थोडंच आहे? तो नुसता घरभर फिरत राहतो, बसायला जागा शोधत.

आणि बघ ना, आजवर मी मिरवत आले. "रिगोपूलाच्या अंगात केवढी रग!" लोक म्हणायचे आणि मी मान ताठ करायची. जणू काही माझ्या कष्टाची कमाई. फुकटचा माल सगळा.

कॅलिओपीला अजून काही सांगितलेलं नाही. आता सांगून काय करायचं, तिच्यात नाहीच म्हटल्यावर? ती लग्नाच्या याद्या करते आहे. तिचा लांब्रोस रोज संध्याकाळी येऊन आमची वाईन पितो आणि आम्हाला जावई म्हणून स्वतःचे गुण ऐकवतो.

तू आनंदी होशील ना? माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी तरी.

रिगोपूला


जून, कापणी संपली त्या संध्याकाळी

सेवास्ती,

तुझं उत्तर. एवढ्या मोठ्या कागदावर दोन शब्द: "आणि दुसरी?"

आधी मी तो कागद भट्टीत घातला. मग स्वतःशीच भांडले. दुसरीचं काय? दुसरी तिच्या बापाच्या घराण्यावर गेलीय, सगळं गाव सांगेल. नाव सासूचं, उंची सासूची, झोप सासूची. आणि आपल्याकडे दुसरीला कधी काय मिळालंय, की हे मिळावं?

हे शेवटचं वाक्य मी मोठ्यानं म्हटलं, आणि तरी मला काही कळलं नाही. इतकी मी हुशार.

आज कळलं. सांगते.

वरच्या वाफ्यांत जव कापत होतो. ऊन रणरणत होतं. कॅलिओपी, लांब्रोस, शेजारच्या बायका, सगळे होतो. मारूक्ला दोन पेंढ्या बांधून दगडावर बसली. मी ओरडले, "उठ गं, दगड तुझ्याविना जातोय कुठे!" उठली. परत चार पावलं गेली आणि अंजिराच्या झाडामागे जाऊन ओकली. आणि लांब्रोस, आमचा गुणी जावई, विळा उंच करून गायला लागला:

आमच्या धाकटीच्या विळ्याला बारा महिने सुट्टी,
जव उभे वाट बघती, हिची झोपेशी गट्टी!

सगळ्यांनी सूर धरला. माझ्या ओळी. तुझ्यावर रचलेल्या, याच वाफ्यात, तू जवाची पोती टाकून याच अंजिरामागे बसली होतीस त्या दिवशी. तू गाव सोडलंस आणि त्या ओळी इथेच राहिल्या. आता कुठल्याही घरची धाकटी जरा टेकली की लोक गातात. आणि मीही हसले गं. आपल्या विनोदाला माणूस हसतोच.

मारूक्ला झाडामागून आली. चेहरा पिठासारखा. सगळे तिच्याकडे बघून हसत होते. तिने तोंड पुसलं, आमच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं, आणि तीही हसली.

सेवास्ती, ती ओळी ऐकून हसली नव्हती. तिला ऐकूच आलं नव्हतं. सगळे हसत होते म्हणून ती हसली.

मी विळा खाली ठेवला. ती पाठमोरी झाली तशी तिच्या मागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "मारूक्ला, आजीची सोन्याची माळ तुला देऊ का?" अगं, आपल्या गावातली कुठलीही धाकटी कबरीतून उठून बसेल हे ऐकून. शेजारच्या वाफ्यातल्या बायकांनी माना वळवल्या. कॅलिओपीचा विळा थांबला.

मारूक्ला पेंढी बांधत राहिली.

आता दोन गोष्टी लिहायच्या राहिल्यात त्या लिहिते. थेओफानू बाईंनी मला विचारलं होतं, "आणखी मुलं?" मी म्हटलं, "एक धाकटी आहे, ती नवऱ्यावर गेलीय." तर त्या म्हणाल्या, "तिलाही आणा. आधी तिलाच आणा." बोटीची वेळ वगैरे काही झाली नव्हती. मी नेलं नाही कारण हंगाम सुरू होत होता. पहाटे भट्टी पेटवते असं मी तुला लिहिलं ना? मी नुसती काडी लावते. लाकडं ती आणते, पीठ ती मळते, पाणी ती भरते. तिला नेलं असतं तर इथे काम कुणी केलं असतं? तू गेल्यावर मला अशीच एक हवी होती, आणि मी ती जन्माला घातली.

दुसरी गोष्ट लहान आहे. आईचा गोळा कधीच मेला. एका हंगामात गर्दीत पीठ घालायचं राहिलं, हिरवा पडला, फेकून दिला. तेव्हापासून पाकिटातलं यीस्ट वापरते आणि जर्मनांना सांगते, शंभर वर्षांचं आंबवण आहे. ते डोळे मिटून चावतात आणि म्हणतात, हो, कळतंय.

र.


१६ ऑगस्ट

सेवास्ती,

निकाल तुला डॉक्टरांकडून कळला असेलच, तरी लिहिते. कामातून सुटून अथेन्स गाठणं जमेना, म्हणून मारूक्लाचा नमुना बोटीने पाठवला. घरात झाकण घट्ट बसेल अशी एकच बरणी होती, मधाची. कप्तान बरणी उन्हात धरून म्हणाला, "छान रंग आहे. कुठला मध?" मी म्हटलं, "घरचा. उघडू नको." त्याने उघडली नाही असं मी धरून चालते.

तिच्यात खूप आहेत. माझ्याहून कितीतरी जास्त, जवळजवळ तुझ्याएवढ्या. अथेन्सला जाऊन आलो मग, दोघीच. साखर सुरू झालीय, कान बरेच गेलेत, हृदय अजून चांगलं आहे. कानाची यंत्रं मिळतील. उपाशी राहायचं नाही, उन्हात राबायचं नाही, कुठलंही औषध विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. आणि मूल हवं असेल तेव्हा आधी बाईंना भेटायचं. त्यावर काही मार्ग आहेत म्हणाल्या. आजार बरा करणारं औषध मात्र नाही. हे मी तुला काय सांगते, तू रोज बघतेस.

पण अथेन्सला जायच्या आधी तिला हे मलाच सांगावं लागलं, ते सांगते. आम्ही स्वयंपाकघरात माकारुनेसच्या जाड शेवया वळत होतो. मी तिच्या समोर बसले, तिला माझे ओठ दिसतील असं, आणि चुली, पोथ्या, चिमटी, सगळं सांगितलं. जिभेला हाड नसलेली मी, शब्द जुळवायला अर्धी दुपार लागली. ती ऐकत होती, बोटं पिठात.

"म्हणजे माझ्या अंगात ताकद तयारच कमी होते?"

"हो."

"लहानपणापासून?"

"हो, पोरी."

तिने हातातलं पीठ खाली ठेवलं.

"म्हणजे मी आळशी नाही?"

मी वाट बघत होते की ती रडेल, मरणाचं विचारेल, मला शिव्या देईल. तयारी करून बसले होते. याची तयारी नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "नाहीस तू आळशी."

"नक्की? लिहून आलंय तसं?"

"लघवीत आलंय."

ती हसायला लागली. मग हात पुसले, खुर्ची ओढली आणि बसली. बाहेर गिऱ्हाईक चमच्यांनी टेबल वाजवत होतं, चुलीवर पाणी उकळत होतं, आणि ती माझ्यासमोर पाय पसरून बसली. मी तिला अशी बसलेली कधी पाहिली नव्हती. बसायची ती नेहमी उठण्याच्या बेतात. म्हणाली, "आई, आज तू वाढ."

मी वाढलं.

कॅलिओपीलाही त्याच रात्री सांगितलं. "नवा कायदा म्हणे!" एवढंच म्हणाली आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. लांब्रोसला तिनेच सांगितलं, आणि तो दुसऱ्या दिवशी टोपी हातात घेऊन मारूक्लापुढे येऊन उभा राहिला. काहीतरी पुटपुटला. मारूक्ला म्हणाली, "मोठ्यानं बोल, बाबा, मी बहिरी आहे." त्याला अंगणात उभं राहून माफी ओरडावी लागली. शेजारच्या बायका खिडक्यांत. इतकं समाधान मला कुठल्याच जावयानं दिलं नसतं. लग्न ठरल्याप्रमाणे होतंय. घराचं, माळेचं काय करायचं ते त्या दोघी ठरवतील. वाटण्यांच्या बाबतीत माझ्यावर कुणी विश्वास ठेवू नये.

आणि एका रात्री भांडी विसळताना मारूक्ला मला म्हणाली, "सेवास्ती मावशीला सांगितलंस का?"

"अगं, तिनेच तर मला सांगितलं. तिला आजार माहीत आहे."

"आजाराचं नाही म्हणत मी. ते दुसरं."

"कुठलं दुसरं?"

"ती आळशी नव्हती ते."

मी तवा घासत राहिले. घासून घासून तो आरसा झाला, आणि त्यात बघवेना.

काल मारियामातेचा सण झाला. तुला आठवतं ना, प्रार्थनेनंतरचं ते लांब टेबल, पुरुष बसलेले, लायरी सुरू झाली की एकेकाने ओळ रचून टाकायची, ज्याचं जे दुःख असेल ते, आणि बाकीच्यांनी उचलायची. आम्ही बायका मागच्या बाकांवर. गेलेल्यांसाठी गाऊन झालं, परदेशी असलेल्यांसाठी गाऊन झालं, दोघातिघांचं रडूनही झालं. मग फिलिप्पासने लायरी खाली ठेवायची तयारी केली आणि मी उभी राहिले.

"बाई गातेय काय?" कोणीतरी म्हणालं.

"रिगोपूला आहे," दुसऱ्याने सांगितलं. "आता कुणाची तरी सालटं निघणार."

सगळे खूश होऊन वळले. फिलिप्पासने माझ्याकडे पाहिलं आणि गज पुन्हा तारांवर ठेवला. मी गायले:

एका आईच्या दोन लेकी, वाटणी कशी ही केली,
थोरली घर घेऊन बसली, धाकटी ओझं घेऊन गेली.

कुणी हसलं नाही. सूर उचलायची पाळी होती, तीही कुणी घेतली नाही. म्हटलं, संपलं, या वयात तोंडघशी पडले. मग पुरुषांच्या टेबलाच्या टोकाकडून एकाने धरला, आणि बाकांवरून कुठल्या कुठल्या घरच्या धाकट्यांनी. किती बायका धाकट्या आहेत या गावात, मला ठाऊकच नव्हतं. मारूक्ला माझ्या ओठांकडे बघत होती. तिला ओळी कळल्या. तिने गायला तोंड उघडलं आणि सूर पार चुकला, आणि त्या चुकलेल्या सुरावर माझे डोळे भरून आले.

त्या जुन्या दोन ओळी कापणीत आता कुणी म्हणणार नाही असं मी लिहीत नाही. एकदा उतरलेली चूक उतरत राहते, हे मला आता कळतं. पण या नव्याही उतरतील. कुठल्या जास्त होतात बघू.

मीनासला प्रवास झेपेल तेव्हा ये. त्याला वर ओट्यावर निजवू, मी खाली भट्टीपाशी घोंगडी घालते. आणि येताना आईच्या गोळ्यातलं चिमूटभर रुमालात वाळवून आण. मला नको देऊस, मी मारते. मारूक्लाच्या हातात दे.

तू आळशी नव्हतीस, सेवास्ती. एकाही दिवशी नव्हतीस. हे मी काल सगळ्या गावासमोर गाऊन सांगितलं. पण तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

तुझी
रिगोपूला